शून्य नंबरच्या बाई

देवाने माणसाला चेहरा विनाकारण दिला, अशी पक्की खात्री असलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर बाई. नाक, डोळे, कपाळ, मिशा हा सगळा पसारा त्यांच्या लेखी निव्वळ शोभेचा. माणूस म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे त्याच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. झाशीजवळच्या बिजौलीतल्या आमच्या विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात त्या बत्तीस वर्षं शून्य नंबरवर बसल्या. कोणीही शून्य फिरवावं, पलीकडून "हाँ, बोलिए" यावं, आणि आपण जेमतेम "हॅलो" म्हणतोय तोवर बाईंना आपण कोण, कुठून बोलतोय, कोणाकडे काम आहे आणि सकाळी घरातून भांडून निघालोय की काय, एवढं सगळं कळलेलं असावं. मी त्याच कारखान्यात कर्मचारी कल्याण विभागात होतो. माझा नंबर दोनशे चौदा. बाई मला आजही याच नावाने हाक मारतात, आणि फारच जिव्हाळा दाटून आला तर "भाऊ" म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. पण निवृत्त झाल्यापासून मला कोणी दोनशे चौदा म्हटलं की खरंच बरं वाटतं.

चेहऱ्यांशी त्यांचं वाकडं असायला कारण होतं. ऑपरेटरची खोली फाटकाच्या वरच्या मजल्यावर. बाई सगळ्यांच्या अर्धा तास आधी येत, कारण पहिला फोन वाजायच्या आत बोर्डावर कोणीतरी हवं, आणि सगळ्यांच्या अर्धा तास नंतर जात, कारण शेवटचा माणूस घरी फोन केल्याशिवाय निघत नाही. डबा जागेवरच. त्यामुळे पाच-सहाशे माणसं रोज त्यांच्या कानातून ये-जा करत, आणि डोळ्यांपुढे मात्र चहावाला सोडला तर कोणी येत नसे. सुरुवातीला हे नाइलाजाने झालं, पुढे त्यांनी त्याचं तत्त्वच करून टाकलं. "चेहरा पाहिला ना भाऊ, की आवाज फीका पडतो," असं त्या गंभीरपणे सांगत. एकदा ओरछा गेटच्या आत, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी, मी कोथिंबीर घ्यायला थांबलो होतो. शेजारी बाई वांगी निवडत होत्या. मी त्यांच्याकडे पाहून हसलो. अनोळखी पुरुष विनाकारण हसला की बायका ज्या नजरेने पाहतात त्या नजरेने त्यांनी मला पाहिलं आणि हातातली पिशवी पलीकडच्या हातात घेतली. मी ओशाळून भाजीवाल्याला विचारलं, "धनिया ताज़ा है न?" तशी वांग्यांवरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "दोनशे चौदा, इथून नका घेऊ. सकाळपासून पाणी मारून ठेवलाय त्याने." भाजीवाला आम्हा दोघांकडे बघत राहिला. दोनशे चौदा हा कुठल्या भाजीचा भाव, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

मी मूळचा जळगावकडचा, नोकरीसाठी झाशीला आलेला आणि इथल्या नगरा भागात घर बांधून इथलाच होऊन गेलेला. बाईंचं घराणं मात्र झाशीत कित्येक पिढ्यांचं. पूर्वज कारभारासाठी आले की पूजाअर्चेसाठी, यावर त्यांच्या नातेवाइकांत अजून दोन तट आहेत. त्यांच्या मराठीत "मी सोचलं" आणि "फोन लगावला" अशी क्रियापदं निवांत नांदत, आणि त्यांच्या शेजारी आमच्याकडे केव्हाच मोडीत निघालेले शब्द ऐटीत बसलेले असत. टेलिफोनच्या यंत्राच्या कपाटाला त्या "फडताळ" म्हणत. फडताळात उंदीर शिरल्यामुळे लाइनी बंद आहेत, अशी तक्रार त्यांनी एकदा लेखी दिली आणि दुरुस्तीला आलेला इंजिनियर दुपारपर्यंत यंत्राच्या नकाशात फडताळ शोधत होता. मी नवा होतो, अंगात खुमखुमी होती. एक दिवस त्यांची मराठी दुरुस्त करायला गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमची मराठी तुमच्या आधी इथे आली, भाऊ. रस्त्यात थोडी धूळ लागली असेल. पण पोचली ना?" त्यानंतर मी त्यांच्याशी बोलताना स्वतःचीच मराठी तपासू लागलो.

त्यांच्यावर एक आरोप कायम होत असे, की बाई सगळ्यांचं बोलणं ऐकतात. हा आरोप ऐकला की त्या खवळत. "लाइन जोडली की मी कान काढून घेते. मी फक्त हॅलो ऐकते. हॅलोत सगळं असतं, पुढचं सगळं फालतू." हे ऐकायला थट्टेचं वाटतं, पण मी भोगलेलं आहे. भारताचा क्रिकेटचा सामना होता, आणि मी आजारी पडायचं ठरवलं होतं. घरून शून्यावर फोन करून क्षीण आवाजात म्हटलं, "हॅलो, बाई, जरा साहेबांना लावून देता?" आणि पुराव्यादाखल खोकलो. "लावते," बाई म्हणाल्या, "पण साहेबांपुढे खोकू नका. नवा खोकला आहे, लगेच कळतो." मी अर्ध्या तासात कामावर हजर झालो. पण दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. अकाउंट्समधल्या एका गृहस्थांनी सकाळी सकाळी शून्य फिरवून बाहेरची लाइन मागितली. बाईंनी त्यांना होल्ड करायला सांगितलं आणि लाइन न देता दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना स्ट्रेचरसकट अकाउंट्समध्ये धाडलं. गृहस्थ भडकले. मला काय झालंय, असं डॉक्टरांना विचारता विचारताच खुर्चीतून खाली आले. वेळेत उपचार झाले म्हणून वाचले, आणि अजून आहेत. बाईंना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. "आवाज ओला होता," एवढंच त्या म्हणाल्या. मी घरी येऊन बायकोला दहा वेळा "हॅलो" म्हणायला लावलं. मला कोरडं-ओलं काही कळलं नाही, आणि तिला माझी काळजी वाटू लागली.

मध्यंतरी कारखान्यात आपोआप जोडणारं टेलिफोन यंत्र आलं. आता प्रत्येकाने हव्या त्या नंबरला थेट फोन करावा, शून्याची गरज नाही, असं परिपत्रक निघालं. परिपत्रक सगळ्यांनी वाचलं आणि सगळे पूर्वीसारखं शून्य फिरवू लागले. याचं कारण साधं होतं. यंत्र नुसती घंटी वाजवायचं. बाई सांगायच्या, "जागेवर नाहीत ते, आज कँटीनमध्ये कढी आहे. पंधरा मिनिटांनी करा." किंवा, "आत्ता नका लावू, आत्ताच वरून बोलणी खाऊन बसलेत. तीन वाजता हसरे होतील." यंत्राच्या कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्याला आढळलं की अख्ख्या कारखान्यात थेट फोन करणारा एकच माणूस आहे आणि तो नवीन लागलेला आहे. पाहणीला आलेल्या माणसाने शून्य फिरवून बाईंनाच विचारलं, "मॅडम, ये लोग ऐसा क्यों करते हैं?" बाई म्हणाल्या, "भैया, आपने भी तो वही किया."

आता माझ्या खात्याबद्दल. कर्मचारी कल्याण म्हणजे दरवर्षी दिवाळीच्या आधी एक मंडप घालून कर्मचाऱ्यांचं कौतुक करणं. कौतुक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. एका वर्षी मी धीर करून थर्मास सुचवला, पण वरून उत्तर आलं की घड्याळच बरं, त्यावर कारखान्याचं चिन्ह छापायला जागा असते. नगऱ्यात आजही कुठल्याही घरात शिरा, समोरच्या भिंतीवर ते घड्याळ दिसेल. काही घरांत दोन दिसतील, नवरा-बायको दोघंही आमच्याकडे असतील तर. ही सगळी घड्याळं एकाच दुकानातली आणि सगळी सारख्याच चालीने दहा मिनिटं मागे पडणारी. त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं लग्नाला उशिरा पोचतात, पण एकदम पोचतात. घड्याळासोबत प्रशस्तिपत्र असे, "दीर्घ एवं निष्ठापूर्ण सेवा हेतु". हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले की एकदा दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब लिहिताना हात आपोआप तिकडेच वळला होता. असं घाऊक कौतुक करण्यात माझी उभी नोकरी गेली आणि ते आपण फार छान करतो, असा माझा समजही होता.

निवृत्त झाल्यावर खरं कौतुक काय असतं, ते मला बाईंनी दाखवलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्हा जुन्या सहकाऱ्यांचं संमेलन भरतं. नगऱ्यातल्या एका लग्नाच्या बागेत पन्नास-साठ माणसं जमतात, तिळगूळ होतो, पुरी-भाजी होते. आमचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी फुलं उमलतात, पण बाई त्यात नाहीत. "त्यात आवाज कुठाय?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आमंत्रणं त्या स्वतः फोनवरून करत, जुन्या नंबरांच्या क्रमाने, आणि मध्येच सवयीने "होल्ड कीजिए" म्हणून चहा उतरवायला जात. ग्वाल्हेर-भोपाळची साठी ओलांडलेली माणसं निमूटपणे होल्ड करत. संमेलनाच्या दिवशी बाई एका खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसत. बाकीच्यांनी मागे रांग लावायची, एकेकाने पुढे होऊन "हॅलो" म्हणायचं. बाई नंबर सांगत आणि पुढे एक वाक्य बोलत. बस, एकच. पण ते त्या माणसासाठी बत्तीस वर्षं सांभाळून ठेवलेलं असे. स्टोअरमधल्या एका शांत माणसाला म्हणाल्या, "दो सौ साठ. आपने कभी फोन पटका नहीं, ग़ुस्से में भी नहीं." एका ड्राफ्ट्समनला सांगितलं, "तीनशे एकोणीस. आईला रोज दुपारी दीडला फोन. एकदाही नागा नाही." आमचे एक बडे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा रांगेत न थांबता थेट समोर जाऊन नुसते हसत उभे राहिले. बाई म्हणाल्या, "भैया, पानी का जग उधर रख दो." साहेब गडबडून "नमस्कार" म्हणाले, तशी बाई उठून उभ्या राहिल्या. "एकसौ एक! आप जी.एम. से भी और कँटीन से भी एक ही आवाज़ में बात करते थे." साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, निरोपाच्या भाषणांची त्यांना सवय. तरी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि उरलेला वेळ बागेतल्या झाडाखाली एकटेच बसून राहिले. एवढ्या वर्षांत मी वाटलेल्या घड्याळांपैकी एकाही घड्याळाने कोणाच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

अशाच एका संमेलनात पुरी-भाजी खाताना कोणाकडे किती घड्याळं, याची थट्टा चालली होती. मी सहज म्हटलं, "बाई, तुमच्याकडे तर दोन-तीन असतील." बाई तिळाचा लाडू मोडत म्हणाल्या, "मला कुठे मिळालं, भाऊ?" मला वाटलं, विसरल्या. घरी येऊन जुनी कागदपत्रं काढली. कौतुकासाठी नावं पाठवायचं काम विभागप्रमुखांचं असे. बाईंचं नाव हजेरीपुरतं सुरक्षा विभागाकडे, पगारापुरतं अकाउंट्सकडे, आणि खोली प्रशासनाची. तिघांनाही दरवर्षी वाटायचं, दुसरा पाठवेल. त्या तीन याद्या एकत्र करून त्याखाली सही करणारा माणूस मी होतो. बत्तीस वर्षांपैकी सव्वीस वर्षं मी त्या शून्याखेरीज सगळ्या नंबरांचं कौतुक केलं होतं. आणि दरवर्षी यादी पक्की झाली की शून्य फिरवून म्हणायचो, "बाई, घड्याळवाल्याला लावून द्या." त्या लावून देत.

त्यातच बातमी आली की बाई झाशी सोडून मुलीकडे नागपूरला कायमच्या जाणार. गुडघे साथ देईनात, आणि घरी एकट्या. म्हणजे येतं संमेलन त्यांचं शेवटचं. मी ठरवलं, त्या दिवशी बाईंचा सत्कार करायचा, रीतसर, घड्याळासकट. त्याच जुन्या दुकानात गेलो. "साहब, कितने पीस?" दुकानदाराने वही उघडत विचारलं. "एक," मी म्हणालो. त्याने वही मिटली आणि माझी तब्येत विचारली.

मी आणि बायको दुपारी बाईंकडे गेलो आणि सत्काराचं सांगितलं. बाईंनी आधी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "तीनशे सात येणार असतील तर घेईन. नाही तर नको."

तीनशे सात म्हणजे आमचे वार्निश-भट्टीचे फोरमन. मोटारीचं वाइंडिंग वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतात, ते खातं त्यांचं. अस्सल बुंदेली माणूस आणि आवाज असा की त्यांना टेलिफोनची मुळात गरज काय, असा प्रश्न पडावा. संमेलनात ते रांगेत उभे राहायचेच नाहीत, बागेच्या फाटकातूनच "हलो!" म्हणून गर्जायचे आणि बाई आतून नंबर सांगायच्या. दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. काठीने चालू लागले, डावा हात चालतो, पण वाचा गेली ती गेलीच. आदल्या वर्षी ते आले नव्हते. कोणी भेटायला गेलं तर आतल्या खोलीत निघून जात, दार लावून घेत. त्या दाराबाहेर मी स्वतः पाऊण तास बसून आलो होतो. आवाजावर चालणाऱ्या त्या रांगेत ते कशाला येतील, आणि आले तर त्यांची काय शोभा होईल, या विचाराने मी बायकोला डोळ्याने खुणावलं. बायको म्हणाली, "बाई, यंदा ती रांग राहू द्या ना." बाई म्हणाल्या, "नाही हो वहिनी. रांग काढली तर त्यांना समजेल, त्यांच्यासाठी काढली." आणि त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला.

पलीकडे सून होती. आवाज आम्हाला ऐकू येत होता. "बाईसाब, बाबूजी कऊँ नईं जात. कोऊ आ जाए तो भीतर चले जात हैं."

"बेटा, फोन उनके कान से लगा दो बस."

बाई थांबल्या. मग कारखान्यात बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "तीनसौ सात? ज़ीरो से बोल रहे हैं." त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत राहिल्या. पलीकडून काहीही येत नव्हतं, निदान मला येत नव्हतं. मध्येच त्या "हूँ" म्हणाल्या. पुन्हा बराच वेळ ऐकलं. "इतवार को ग्यारह बजे. कुर्सी वहीं रहेगी," एवढं बोलून पुन्हा ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं आणि विचारल्यावर जीभ चावली.

"आधी नाही म्हणाले," बाई म्हणाल्या. "मग रडले थोडे. मग विचार करत होते. बघू आता."

मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. झाशीत इतकी वर्षं काढली, पण असा कान मी दुसरा पाहिला नाही.

तो रविवार उजाडला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, मागे रांग सरकू लागली. मध्येच आमच्या पॅकिंग विभागातल्या एका वात्रट माणसाने बाईंची परीक्षा घ्यायची ठरवली आणि मागे जाऊन नुसता उभा राहिला, तोंडातून अक्षर काढलं नाही. "दो सौ नब्बे, शरारत बंद," बाई म्हणाल्या. सगळे हसले. "बोलने के पहले साँस तो लेते हो न! बत्तीस साल वही सुनी है." हसणं चालू असतानाच फाटकाशी रिक्षा थांबली आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकून फोरमन उतरले. पांढरा धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले. बागेत एकदम शांतता पसरली, आणि ती शांतता त्यांना झोंबली हे मला लांबूनही दिसलं. ते वळून पुन्हा रिक्षाकडे जायला लागले. मुलगा काहीतरी समजावत होता. इकडे खुर्चीवरून बाई, मान न वळवता, मोठ्याने म्हणाल्या, "लाइन रुक क्यों गई? अगला!"

रांग पुन्हा हलली. माणसं मुद्दाम मोठ्याने बोलू लागली. फोरमन जरा वेळ जागीच उभे राहिले, मग काठी टेकत आले आणि रांगेच्या शेवटी लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते रांगेत उभे होते. त्यांचा नंबर जवळ आला तसा माझा धीर सुटला. पुढे जाऊन बाईंच्या कानात सांगून टाकावं असं वाटलं, पण बायकोने माझी बाही धरून ठेवली. "तुम्ही मध्ये पडू नका," ती म्हणाली.

ते खुर्चीमागे उभे राहिले. ओठ हलले. घशात काहीतरी हललं. आवाज आला नाही.

"तीनसौ सात," बाई म्हणाल्या. बाकी सगळ्यांना म्हणाल्या तसंच, ना हळू, ना जोरात. "पूरे कारखाने में आप अकेले थे जो बात हो जाने के बाद दुबारा ज़ीरो घुमाते थे. सिर्फ़ ये कहने के लिए कि 'लाइन मिल गई ती, बाईसाब'."

फोरमननी डावा हात खुर्चीच्या पाठीवर टेकला. बाई म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची फिरवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी आणि त्या वात्रट दोनशे नव्वदने मिळून बाईंसकट खुर्ची फिरवली. बाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मान वर करून फोरमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ, भुवया, एका बाजूने ओघळलेला ओठ, सगळं सावकाश, एकेक करून पाहिलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो ऐसे दिखते हैं आप."

फोरमन हसले. अर्ध्या चेहऱ्याने, बिनआवाजाचं. बाई ते हसणं संपेपर्यंत पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आता इकडूनच ऐकावं लागणार ना, भाऊ." मी मान हलवली.

सत्कार झाला. मी तीन पानी प्रशस्ती लिहून आणली होती. "दीर्घ एवं निष्ठापूर्ण" इथपर्यंत वाचलं आणि पुढे वाचवेना. कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की दरवर्षी शून्य फिरवून घड्याळवाल्याची लाइन मागणारा आणि शून्यालाच विसरणारा माणूस मी आहे. बाई म्हणाल्या, "ठाऊक होतं. त्या दिवशी तुमचा हॅलो फार घाईत असायचा." घड्याळ फोरमननी डाव्या हाताने दिलं. बाईंनी ते कानाला लावलं, टिकटिक ऐकली आणि "चालतंय" असा निर्वाळा दिला. मग उरलेला सगळा दिवस त्या तशाच, आमच्याकडे तोंड करून बसल्या. एकेकाला जवळ बोलवायच्या, नंबर विचारायच्या आणि निरखून पाहायच्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आवाजावरून मी तुम्हाला जाडे समजत होते. घरी आलात तेव्हाही नीट पाहिलं नव्हतं." एरवी चार वाजता उठणारी माणसं त्या दिवशी दिवेलागण झाली तरी हलत नव्हती.

बाई नागपूरला गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. संक्रांत तोंडावर आली आहे. आमंत्रणं कोणी करायची, यावर ग्रुपवर बरीच फुलं पडली आणि शेवटी काम माझ्याकडे आलं. क्रमाने करायचं सोडून मी परवा दुपारी पहिला फोन तीनशे सातलाच लावला. सुनेने तो त्यांच्या कानाला लावला. रविवार, वेळ, जागा, सगळं सांगून झालं. मग मी डोळे मिटले, मान किंचित वाकडी केली आणि ऐकू लागलो. श्वास येत होता, जात होता. ते हो म्हणत होते की नाही, खुशीत होते की रडत होते, मला काहीही कळलं नाही. पण मी फोन आधी ठेवला नाही.